धुवणाचं दही

उजागर महाराज गोदाकाठच्या बोरतळी गावात चिंचेखालच्या मठीत राहत असत, तेव्हाची ही गोष्ट. महाराजांना लोकांच्या घरातल्या बारीकसारीक गोष्टींचं भारी कुतूहल. भाजीत काय घातलंस, गाय कधी व्याली, सगळं विचारायचे. एवढ्या थोर पुरुषाला या चौकशा कशाला हव्यात, असं भक्तांना वाटे. पण महाराज उगाच काही विचारत नसत, हे मागाहून कळे!

चैत्रातल्या सप्ताहाच्या काल्याला दही पुरवण्याचा मान चिमाबाई गवळणीच्या घरचा. नवरा गेला तरी तिनं तो नेटानं सांभाळला होता. पण त्या वर्षी तिच्या दह्याला तार सुटू लागली, वास मारू लागला. शेजारीच राहणारी थोरली जाऊ सगुणाबाई पाणवठ्यावर म्हणाली, "हातालाच गुण न्हाई, तर दही काय करंल बापडं!" बायका फिदीफिदी हसल्या. गावच्या पंचांनीही बजावलं, यंदा काल्याचं दही नासलं तर मान सगुणाबाईच्या घरी जाईल.

काल्याच्या आदल्या दिवशी सकाळी चिमाबाई रडतच मठीत आली. "महाराज, आक्काचीच दीठ लागली बघा."

महाराजांनी भलतंच विचारलं, "माय, विरजण लावताना तुझे ओठ कशाला गं हलतात?"

चिमाबाई चपापली. रोज सांजेला दुधाशी बसलं की तिच्या तोंडी जावेचा उद्धार सुरू व्हायचा. आक्का असं बोलली, आक्कानं तसं केलं, तिचं वाटोळं होवो! घरात दुसरं माणूस नाही, मग महाराजांना कळलं कसं?

"आणि विरजण कुठलं लावतेस?"

"घरचंच की. आदल्या दिवसाच्या दह्याचं."

"कालचं नासकंच आजच्या दुधाला लावतेस," महाराज म्हणाले, "मग उद्या गोड कुठून निघेल? जा, गाडगी घासून उन्हात तापव. विरजण सगुणेकडून आण. आणि ते दुधात घालताना तिची एक चांगली गोष्ट आठव. खरी हं! देवाला खोटं चालत नाही."

चिमाबाईनं गाडगी घासली, उन्हात पालथी घातली. पण पाय काही जावेच्या दाराकडे वळेनात. आणि तिच्यात चांगलं ते काय आठवायचं? बाभळीला आंबे शोधण्यातला प्रकार! आत्ता जाऊ, मग जाऊ करता करता दिवेलागण झाली. दिवा लागल्यावर विरजण कुणी देत नाही, घरची लक्ष्मी जाते म्हणतात. तेव्हा कुठे ती धावत सुटली.

सगुणाबाई दारातच होती. "दिव्याच्या वक्ताला विरजण मागतीस? लाज न्हाई?" मग काय मनात आलं कुणास ठाऊक, गालात हसली, आत गेली आणि वाटी भरून घेऊन आली. "घे बाई. तुझा काला अडाया नको."

एवढी माया कुठून फुटली? घरी येऊन चिमाबाईनं वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. आंबट नाही, काही नाही. वाटीत तांदळाचं धुवण होतं!

तिचं डोकं सणकलं. रोजचे ते शब्द ओठांवर आले. दूध कोमट झालेलं, दुसऱ्या कुठल्या घरी आता विरजण मिळणार नव्हतं. आणि महाराजांनी तर एक चांगली गोष्ट आठवायला सांगितलेली. ती डोळे मिटून बसली. कितीतरी वेळ नुसता राग आला. मग हळूच एक सकाळ आठवली. नवी नवरी होऊन आलेली ती शेणाची पाटी उचलायला वाकली, तेव्हा सगुणाबाईनंच ती ओढून घेतली होती. "हळद उतरू दे हाताची. मी हाये न्हवं?"

चिमाबाईचे डोळे भरून आले. "आक्का, तुझं बरं होवो," ती म्हणाली, आणि ते धुवणच तिनं गाडग्यागाडग्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी कीर्तन संपलं. सगुणाबाई बायकांना घेऊन पुढेच येऊन बसली होती. "उघडा की गाडगी. बघू तरी गवळणीचं दही!"

महाराजांनी फडकं सोडलं. दही असं लागलं होतं की गाडगं कलतं केलं तरी हलेना! महाराजांनी चाखून पाहिलं आणि म्हणाले, "गोड आहे हो! सगुणे, विरजण तुझं, तेव्हा पहिला घास तू घे."

सगुणाबाईचा चेहरा उतरला. हात पुढे होईना. "महाराज, ते विरजण न्हवतं," ती पुटपुटली. "धुवण व्हतं."

चिमाबाई म्हणाली, "मला ठावं व्हतं, आक्का."

"मग घातलंस कशापायी?"

"तू माझी शेणाची पाटी घेतली व्हतीस. हळदीचे हात व्हते माझे."

सगुणाबाईनं तोंडाला पदर लावला.

मागून कुणीतरी विचारलं, "पण महाराज, धुवणानं दही लागलंच कसं?"

"ते त्या विठ्ठलाला विचारा," महाराज हसले. "मला नवल वाटतं ते निराळंच. वाटीत धुवण आहे हे कळूनही हिच्या तोंडून शिवी कशी नाही निघाली?"

सगुणाबाई महाराजांच्या पायांवर वाकली. महाराजांनी पाय मागे घेतले आणि चिमाबाईकडे बोट दाखवलं. थोरली जाऊ भर सभेत धाकटीच्या पायांशी वाकली, आणि डोकं जमिनीला टेकायच्या आत चिमाबाईनं तिला पोटाशी धरलं.