पाटकऱ्याच्या घड्याळातला मोर

एका गावात एक पाट होता आणि त्या पाटावर एक पाटकरी होता. नाव त्याचं केरबा. पाटाचं पाणी सहा मळ्यांना वाटून द्यायचं, एवढंच त्याचं काम. एवढंच म्हणायचं आपलं, सहा घरांची चूल त्यावर पेटायची! सकाळी सातला बंधाऱ्यावरचा माणूस दार उघडायचा आणि बाराला बंद करून पाणी खालच्या गावाला सोडायचा. मधले पाच तास केरबाचे. दर मळ्याला पन्नास मिनिटं. वेळ भरली की केरबा चिंचेला टांगलेल्या लोखंडी तुकड्यावर टोला हाणायचा. मग एकाने आपलं पाणी बंद करायचं, पुढच्याने आपला बांध फोडायचा.

केरबाच्या मनगटावर एक साधं चावीचं घड्याळ होतं. पांढरी तबकडी, काळे ठसठशीत आकडे. रोज उठल्यावर त्याला चावी द्यायची, मगच चहा प्यायचा. वीस वर्षांत पाण्यावरून गावात एक भांडण झालं नाही.

गावाला वाटलं, या माणसाचं कौतुक करावं. गावात एक कासार होता. लग्नाच्या भांड्यांवर नावं घालावीत तर त्यानेच. त्याने घड्याळाला नवी पितळी तबकडी बसवली. मधोमध पिसारा फुलवलेला मोर, भोवती वेल, आकड्यांच्या जागी पानं. आता वेल काढायची तर पानं काय बाराच काढणार? कासाराने हौसेने चांगली चाळीसभर काढली. मिनिटांच्या रेघा तर पिसाऱ्यात कुठे गडप झाल्या देव जाणे!

चावडीवर हार घालून ते घड्याळ केरबाच्या मनगटावर बांधलं. केरबाला रडूच आलं. सगळ्यांनी हात धरधरून मोर पाहिला, "वा वा!" म्हटलं. किती वाजले ते मात्र कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी केरबा चिंचेखाली बसला आणि त्याचं डोकंच चक्रावलं. हा काटा की मोराचं पीस? हे दहाचं पान की नुसतंच वेलीचं? त्याने घड्याळ उन्हात धरलं, सावलीत धरलं, मान वाकडी करून पाहिलं. काही केल्या उमगेना. विचारावं कुणाला? अख्ख्या गावाने प्रेमाने दिलेली वस्तू, आणि आपण म्हणायचं यातलं काही दिसत नाही?

'असू दे,' तो मनाशी म्हणाला. 'शंका आली की टोला जरा उशिराच मारू. कुणाला चार मिनिटं जास्त मिळाली तर कुणी रडत नाही.'

आणि खरंच कुणी रडलं नाही. पहिल्या मळ्याचा गणबा खूश, दुसरा खूश. तिसरा मळा केरबाचा स्वतःचा, तिथल्या मिरच्याही टवटवीत. "केरबा, घड्याळ लई गुणाचं हं तुझं!" असं जो तो म्हणू लागला.

आठव्या दिवशी सहाव्या मळ्याची तानूबाई आली. एकटी बाई, वर्षाची सगळी मदार कांद्याच्या रोपावर. तिने ओंजळीतली पिवळी पडलेली रोपं त्याच्यासमोर धरली.

"केरबादादा, माझं काय चुकलं हो? बांध फोडते, पाणी वाफ्यात शिरतं न शिरतं तोच आटतं. आणखी चार दिवस असंच चाललं तर रोप गेलंच म्हणून समजा."

केरबा गडबडला. "आक्का, घड्याळ तर बरोबर आहे. बाराला दोन्ही काटे मोराच्या तुऱ्यावर येतात, आणि तेव्हाच पाणी बंद होतं. मी रोज बघतो."

"मग माझं पाणी जातं कुठे?"

घड्याळ बरोबर, आपण कुणाचं पाणी चोरलं नाही, बंधाऱ्यावरचा माणूसही चोख. मग ही रोपं पिवळी का? केरबाला भाकर गोड लागेना. बाजाराच्या दिवशी त्याने तालुक्याचं घड्याळाचं दुकान गाठलं.

दुकानदाराने डोळ्याला भिंग लावून पाहिलं. "अहो, एका मिनिटाचाही फरक नाही. अगदी उत्तम चालतंय."

"तेच तर कळत नाही मला!" केरबा काकुळतीला आला.

"बरं," दुकानदार घड्याळ त्याच्यापुढे धरत म्हणाला, "आता किती वाजले, सांगा बघू."

केरबाने पाहिलं. "तीन वाजून... पाच. नाही, पंधरा. थांबा हं... वीस म्हणा."

"मी कशाला म्हणू? तुम्हीच म्हणताय, पाच ते वीस," दुकानदार म्हणाला.

केरबाने बोटांवर हिशेब मांडला. पाच मळ्यांना चार-चार, सहा-सहा मिनिटं जास्त, आणि बाराला पाणी बंद. म्हणजे ती सगळी मिनिटं एकट्या तानूबाईच्या वाफ्यातून काढली होती! ज्यांची भीड वाटली त्या सगळ्यांना त्याने पाणी दिलं, आणि जी बाई आठ दिवस काही बोलली नव्हती तिचं तोडलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी चावडीवर तो उभा राहिला. "मंडळी, या घड्याळातली वेळ मला दिसत नाही. पहिल्या दिवसापासून दिसत नाही. भिडेपोटी बोललो नाही. आता आठ दिवस माझ्या मळ्याचं पाणी तानूआक्काला."

गणबा उसळला. "एवढी सुंदर वस्तू, आणि म्हणे दिसत नाही!"

कासाराचं तोंड उतरलं. त्याने घड्याळ मागून घेतलं, जवळ धरलं, लांब धरलं. "सहाला... अं... सात..." मग त्याने घड्याळ खाली ठेवलं. म्हणाला, "जुनी तबकडी माझ्या पेटीत आहे. बसवून देतो. मोर मागच्या झाकणावर काढीन."

तानूबाईचं अर्धं रोप वाचलं, अर्धं गेलं. केरबाच्या मिरच्या त्या आठ दिवसांत माना टाकून बसल्या, पण त्याने पाणी घेतलं नाही. मोर आता केरबाच्या मनगटाला चिकटून असतो, कुणाला दिसत नाही. तानूबाई मात्र येता-जाता मुद्दाम विचारते, "केरबादादा, किती वाजले?" आणि तो हसून, मिनिटासकट, झटकन सांगतो.

तात्पर्य एवढंच, की सगळ्यांचा वाटा ज्याच्या हातात आहे, त्याने "मला कळत नाही" हे पहिल्याच दिवशी सांगावं. त्याच्या भिडेपायी रांगेतला शेवटचा माणूस उपाशी राहतो.