गांडुळांचं अजीर्ण

लेकरांनो, आणि लेकरांच्या आजोबांनो, ही फार फार जुनी गोष्ट. तेव्हा गांडुळं बोलत असत आणि माणसं अधूनमधून ऐकतही असत.

एका गावाची मोठी सोयीची रीत होती. कुणाच्या हातून पाप घडलं, की त्याने शेतात वीतभर खड्डा करायचा, त्यात तोंड घालून पाप सांगायचं, वर माती लोटायची आणि हात झटकून जेवायला जायचं. शेणाचं खत होतं तसं पापाचंही होईल, असा गावाचा पक्का समज होता.

गावचा पाटील यात पटाईत. दर नांगरटीला तो शेजारच्या विधवेचा बांध थोडा कोरायचा आणि तेवढ्याच भक्तिभावाने खड्डा करायचा. त्याचं शेत वाढत गेलं, पीक मात्र घटत गेलं. एका वर्षी तर ज्वारीत दाणाच भरला नाही आणि काकड्या इतक्या कडू निघाल्या की गाढवानेही तोंड फिरवलं. धान्याची कणगी रिकामी. आता गाव सोडावं लागणार, असा विचार करत पाटील बांधावर बसला.

तेवढ्यात त्याला शेतातून गांडुळांची रांग बाहेर पडताना दिसली.

"अरे, निघालात कुठे?"

"दुसऱ्या गावाला," म्हातारं गांडूळ म्हणालं. "पाटील, शेण पचलं, पाला पचला, तुमचा मेलेला बैलसुद्धा पचला. तुमची पापं काही पचेनात. मातीचं पोट बिघडलंय. आज आम्ही निघालो, उद्या ती तुम्हालाही ओकून टाकेल."

पाटलाने धावत जाऊन गुळाचा नैवेद्य आणला. गांडुळाने चाखला. "गूळ चांगला आहे. पण अजीर्णावर कुणी गूळ देतं का?"

"मग करू तरी काय?"

"आम्हाला कान नाहीत, तरी इतकी वर्षं ऐकवलंत. आता जिचा बांध कोरलात तिला सांगा, आणि तिचं तिला द्या."

पाटील गावाकडे वळला. चोरताना वाटली नव्हती एवढी लाज आता वाटत होती. तो विधवेच्या दारात उभा राहिला.

"वहिनी, तुमचा बांध मी कोरला. दरसाल."

"ठाऊक आहे. मला डोळे आहेत," ती म्हणाली. "चला, कुदळ घ्या."

भर दुपारी, साऱ्या गावादेखत पाटलाने बांध मूळ जागी नेला. ते पाहून बाकीच्यांनीही आपापले खड्डे उकरले, आतली पापं ज्याची त्याला सांगितली आणि एकच गोंधळ उडाला. "म्हणजे माझी शेळी लांडग्याने नेली नव्हती तर!" अशा आरोळ्या घरोघर उठल्या. भांडणं झाली, रडणं झालं, शेळ्या परत गेल्या.

मग गांडुळंही परत फिरली. पुढच्या सुगीत पाटलाचं शेत लहान होतं, पण कणगी भरली आणि कुणालाही गाव सोडावं लागलं नाही.

तेव्हा ध्यानात ठेवा: माणसाचं पाप माती पचवत नाही, ज्याचं नुकसान केलं त्याच्यापुढे ते कबूल करून भरून द्यावं, तेव्हाच जमीन शुद्ध होते.