अंगठ्याचं बटण की तळाचा खटका?

"स्तुती करायची नाही, निंदा करायची नाही, आणि तरीही निवड मला पटली पाहिजे! नाहीतर उद्यापासून पागेचं काम दुसऱ्या जिनगराला!"

कुसुंबगडचे भगवंतराव सरकार म्हाताऱ्या सटवाजी जिनगरावर गरजले. पिढ्यान् पिढ्या सरकारी घोड्यांची खोगिरं शिवून त्याचं घर जेवत होतं. बिचाऱ्यानं विचारलं तरी काय? चाळीस पिस्तुलांना चाळीस कातडी म्यानं शिवायचीत, तर कुठल्या पिस्तुलाचं माप घेऊ, एवढंच! पण भलत्या वेळी विचारलं.

त्याचं असं झालं. घाटात दरोडेखोर माजले होते, म्हणून सरकारांच्या चाळीस घोडेस्वारांना नवी पिस्तुलं घ्यायची होती. व्यापाऱ्यानं दोन नमुने आणून ठेवले. दोन्हींत गोळ्यांची चपटी डबी मुठीत सरकवायची. तिला म्हणायचं मॅगझिन. गोळ्या संपल्या की रिकामं मॅगझिन काढायचं, भरलेलं घालायचं. एका पिस्तुलाला अंगठ्याजवळ बटण होतं. दाबलं की मॅगझिन टपकन खाली! दुसऱ्याला मुठीच्या तळाशी खटका होता. तो दुसऱ्या हातानं ओढायचा आणि मॅगझिन उपसून काढायचं.

"बटणाचंच घ्यावं, सरकार. झकास काम!" रिसालदार हैबतराव म्हणाले.

"झकास? परवा ते म्यानातल्या म्यानात दाबलं गेलं आणि माझं मॅगझिन ओढ्यात पडलं! ठेवा पागोटं खाली!"

मग दिवाण विसाजीपंत पुढे सरसावले. "खटक्याचं घ्यावं, सरकार. जन्मात पडायचं नाही."

"आणि स्वारानं लगाम काय दातात धरायचा? तुम्हीही ठेवा पागोटं!"

दोन पागोटी गेली, दोन नोकऱ्या गेल्या. आणि नेमका तेव्हाच सटवाजी माप विचारायला गेला, तशी निवड त्याच्याच गळ्यात पडली! आता बोला!

घरी येऊन त्यानं कपाळावर हात मारला. "गजरे, उद्या सकाळी उत्तर द्यायचंय. बटण म्हणू का खटका?"

गजरा म्हणजे त्याची थोरली सून. हातात आरी आणि जिभेला धार. तिनं सगळी हकिकत दोनदा ऐकली आणि खुदकन हसली.

"मामंजी, रिसालदार बटण म्हनले तवा सरकार बटणावर उठले. दिवाण खटका म्हनले तवा खटक्यावर उठले. समोरच्यानं पूर्व म्हटलं की सरकारांची पश्चिम! आपुन कशाला नाव घ्यायचं? त्यांनाच घिऊ द्या की."

"अगं, पण ते घेतील कसे?"

"ते बघते म्या. तुमी दोन्ही पिस्तुलांची मापं आणा आन् कातडं भिजवा."

सकाळी दरबार भरला. सासऱ्याच्या जागी गजरा पदर खोचून उभी राहिली. 

"तू निवडणार?" सरकारांनी भुवया उंचावल्या.

"म्या न्हाई, सरकार. म्या नुसतं एक म्यान आणलंय. बटणाचं पिस्तूल ह्यात घाला, कमरेला लावा आणि घोडा उडवा. परवाचाच ओढा, परवाचीच उडी."

सरकार हट्टी खरे, पण घोड्याचं नाव काढलं की थांबतात कशाला! म्यान कमरेला लावून निघाले. ओढ्यावरून एकदा उडी घेतली, दोनदा घेतली, तिसऱ्यांदा तर मुद्दाम अंग आदळलं. परत येऊन पिस्तूल हातात घेऊन पाहतात तो मॅगझिन जागच्या जागी!

"काय जादू केलीस गं?"

"जादू कसली! घोड्याच्या कण्याला खोगीर टेकलं तर पाठ सोलवटती, म्हणून तिथं आमी पोकळी ठेवतो. तशीच ह्या म्यानात बटणावर ठेवली. कातडं बटणाला टेकतच न्हाई, तर दाबंल कसं?"

दरबारी माना डोलवू लागले. माना डोललेल्या पाहिल्या आणि सरकारांचं डोकं फिरलं! "म्हणजे दोन्ही सारखीच झाली की! मग मी खटक्याचंच घेणार!"

सटवाजीनं डोळे मिटून घेतले. गजरा मात्र हात जोडून म्हणाली, "घ्या की, सरकार. पर घ्यायच्या आधी एक इचारू का?"

"विचार!"

"घाटात तुमी घोड्यावर हायसा. समोर दरोडेखोर, त्योबी घोड्यावर. दोघांच्याबी गोळ्या संपल्यात. एक पिस्तूल तुमच्या हातात, दुसरं त्याच्या. तर त्याला म्या बटणाचं देते."

"खुळी का काय तू!" सरकार ताडकन उठले. "त्याला बटणाचं? माझ्याआधी गोळ्या भरील ना तो! त्याला दे तळाच्या खटक्याचं! बसू दे लगाम सोडून चाचपत!"

"देते, सरकार. दिलं." गजरानं खटक्याचं पिस्तूल उचलून बाजूला ठेवलं. "आता तुमच्या हातात कुठलं राह्यलं?"

सरकारांनी खाली पाहिलं. हातात बटणाचं पिस्तूल होतं!

"स्तुती म्या केली न्हाई, निंदाबी केली न्हाई," गजरा म्हणाली. "दोन्ही सरकारांनीच केली. आन् निवडबी सरकारांचीच! आता पटली न्हाई असं कसं म्हनाल?"

आणि मग सरकार हसले! असे हसले, असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी दोन्ही पागोटी आपल्या हातानं उचलून रिसालदारांच्या आणि दिवाणांच्या डोक्यावर चढवली. सटवाजीला चाळीस म्यानांचं काम तर दिलंच, वर पागेचं काम वंशपरंपरा लिहून दिलं.

"आणि पोरी, तुला काय देऊ? शालू की सोन्याचे बिल्वर? बोल, निवड कर!"

"नगं, सरकार!" गजरा दोन पावलं मागं सरली. "म्या शालू म्हटलं की तुमी बिल्वर म्हनाल, आन् बिल्वर म्हटलं की शालू!"

सरकार पुन्हा पोट धरून खाली बसले. "द्या रे तिला! दोन्ही द्या! आणि उद्यापासून माझ्याशी वाद घालायला हिलाच बोलवा!"