नऊचा खांब

"यात एक जरी चूक निघाली, बुवा, तर मी पुन्हा पेन हातात धरणार नाही. सांगा, कुठं चूक आहे?"

वैजनाथने मठाच्या ओसरीवर मल्हारबुवांच्या पुढ्यात तक्ता उलगडला. वाऱ्याने उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले.

बुवा पाहत राहिले.

कातळमठाच्या सात वाड्या आहेत. त्या वाड्यांमधली तीन ते चौदा वर्षांची सगळी मुलं त्या कागदावर होती. एकेका वयाचा एकेक खांब. ज्या वयाची मुलं जास्त, तो खांब उंच. निळ्या शाईने भरलेले खांब एकमेकांना खेटून उभे होते, कवायतीला शिपाई उभे राहावेत तसे.

दुपारी आरोग्य खात्याचे साहेब येणार होते. दवाखाना एकच मंजूर झाला होता. तो घाटाच्या अलीकडे बांधायचा की पलीकडचा दवाखानाच वाढवायचा, हे साहेब ठरवणार होते. मठाच्या वतीने त्यांच्यापुढे कोण बोलणार, हे बुवा ठरवणार होते.

वैजनाथ शहरात दोन वर्षं संख्याशास्त्र शिकून परतला होता. दोन्ही गोष्टी ठरल्यातच जमा आहेत, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"किती घरं फिरलास?"

"एकशे बासष्ट. पायाला फोड आलेत. पण एक उंबरा सोडला नाही."

"वयं कशी काढलीस? इथं जन्मतारीख कुणाला ठाऊक असते..."

"तीच तर मेहनत, बुवा! कुणी म्हणतं, म्हैस दरीत पडली त्या साली झाला. कुणी म्हणतं, देवळाला कळस चढला तेव्हा पोटात होती. सगळं वर्षांत बसवलं. वहीत नुसती गर्दी होती. सात, तीन, बारा, तीन, अकरा... त्यातून काय कळणार? मग चढत्या क्रमानं लावली. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, अशा खुणा करून मोजली. मग खांब उभे केले. आता बघा, आंधळ्यालाही दिसेल."

"आंधळ्याला दिसेल," बुवा म्हणाले. "मला जरा वेळ दे."

...

"आणखी कुणी पाहिला?"

"प्राध्यापकांनी. छान म्हणाले."

"कोण प्राध्यापक?"

वैजनाथने माझ्याकडे बोट दाखवलं. मी मठात पाहुणा होतो. एकतीस वर्षं हाच विषय शिकवलेला. आदल्या दिवशी मी तक्ता पाहिला होता आणि छान म्हणालो होतो. अतिशय छान, असंही म्हणालो असेन.

बुवा पुन्हा तक्त्यावर वाकले. त्यांचं बोट खांबांच्या पायथ्याशी चालू लागलं. तीन, चार, पाच... सात, आठ, दहा.

बोट थांबलं. मागे आलं.

"नऊ कुठाय?"

"नऊ वर्षांचं मूल एकही नाही."

"नाही?"

"सातही वाड्यांत नाही. शून्य. मधेच दात पडल्यासारखं भोक दिसत होतं, म्हणून आठला दहा खेटवला. पण ती चूक नाही, बुवा. जे नाहीच, ते दाखवणार कसं? आकडा एकही बदललेला नाही. बेरीज करून बघा, शहाण्णव येते."

"शहाण्णवच असणार. तुझी बेरीज मला कधी तपासावी लागली नाही."

वैजनाथचे खांदे आणखी थोडे मागे गेले.

"मग मी जाऊ ना साहेबांपुढे?"

"पोरं जेवायला आली का?"

दर पौर्णिमेला मठात मुलांची पंगत असते. सातही वाड्यांची मुलं येतात. त्या दिवशी पौर्णिमाच होती.

"आलीत."

"तुझ्या तक्त्याप्रमाणं बसव. एकेका वयाची एकेक ओळ."

हे वैजनाथला फारच आवडलं. तक्ता उचलून तो अंगणात उतरला.

अंगणात एकच कालवा झाला.

"मी सातात! आई म्हनती सात पुरी झाली!"

"काल तर सहाची व्हतीस की गं."

"तू गप. तुझं दात बघ, पाचाचं."

वैजनाथ एकेकाला दंडाला धरून जागेवर बसवत होता. आया भिंतीशी उभ्या होत्या. आपलं पोर कुठल्या ओळीत बसलं, हे शेजारणीला दाखवत होत्या.

"आमचा बाराच्या ओळीत. थोराड हाय न्हवं?"

"थोराड कसला, खातो किती ते इचार."

अर्ध्या तासात तक्ता जमिनीवर उतरला. काही ओळी लांब, काही आखूड. जशी कागदावर, तशीच अंगणात. वैजनाथ कमरेवर हात ठेवून ओसरीकडे पाहत उभा राहिला. मला टाळी वाजवावीशी वाटली.

बुवा काठी टेकत खाली आले.

"दहापासून पुढच्या पोरांनी एक ओळ मागं सरकायचं. आपापली पत्रावळ घेऊन."

मुलं कुरकुरत सरकली. आठच्या आणि दहाच्या ओळींमध्ये एक पट्टा मोकळा झाला.

बुवांनी गठ्ठ्यातली एक पत्रावळ घेतली. त्या मोकळ्या जागेत मांडली. तिच्यावर पाणी शिंपडलं.

"ही कुणाची, बुवा?" वैजनाथने विचारलं.

बुवा एक पाऊल मागे सरले.

खालच्या वाडीची सगुणा भाताचं पातेलं घेऊन वाढत येत होती. आठची ओळ संपली. ती पुढे निघाली आणि पत्रावळीपाशी थांबली.

"हितं कोन बसनार हाय?"



तिने मागे पाहिलं. "ही आठाची..."

पुढे पाहिलं. "ती धाची..."

पातेलं तिच्या कमरेवर तसंच राहिलं.

मग ती वाकली. भात वाढला. नैवेद्याला वाढतात तेवढा नाही, चांगल्या भुकेच्या पोराला वाढतात तेवढा. पळीने वरून सारखा केला.

"त्या साली घाट तेरा दिस बंद व्हता," ती वैजनाथला म्हणाली. "पोरांना जुलाब लागलं. दवाखाना पल्याड. त्या सालची तान्ही आठ व्हती समद्या वाड्यांत. एक मागं ऱ्हायलं न्हाई. तुमाला सांगितलं व्हतं की मी, भाऊ. लिवलं न्हाई?"



भिंतीशी उभी असलेली एक बाई पुढे आली. भातावर वरण घालून गेली. मग आणखी एक आली. तिने पत्रावळीच्या कडेला चिमूटभर मीठ ठेवलं.

"आमची मुक्ता नवाची असती," ती म्हणाली. "ह्या धाच्या पोरींपरास उंच झाली असती. आमच्यात समदीच उंच."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. बाराच्या ओळीतल्या थोराड मुलाच्या आईच्या बोलण्यात होता, तोच ताठा होता.

मुलं श्लोक म्हणून जेवायला लागली. त्या पत्रावळीकडे कुणी हात नेला नाही.

वैजनाथ ओसरीवर आला. पिशवीतून कच्ची वही काढली. एकेक पान उलटू लागला.

सगुणाच्या घराच्या नोंदीपुढे त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: *असता तर नऊ.*

त्यावर एक रेघ मारलेली. पट्टी लावून मारलेली, सरळ.

चार पानांनंतर तशीच एक. पुढे आणखी. मी मनात मोजत गेलो. आठ निघाल्या.

"ते वय नव्हतं, बुवा," तो हळू आवाजात म्हणाला. "मूलच नाही, तर वय कसलं... म्हणून मी गाळलं."

"ऐकलंस, लिहिलंस, मग गाळलंस."

"हो."

...

"आता साहेबांपुढे कोण जाईल?" वैजनाथने विचारलं.

"तक्ता ज्यानं केला तो. दुसरं कोण जाणार?"

वैजनाथने मान वर केली. मग एकदम नवा कागद पसरला, दगड ठेवले, पट्टी घेतली.

खांब पुन्हा उभे राहू लागले. तीन, चार, पाच. त्याचा हात खरोखर चांगला होता. सहा, सात, आठ.

घाटाच्या वळणावर जीपचा आवाज आला.

पेन थांबलं.

"बुवा, नऊचा खांब कसा काढू? उंची शून्य आहे."

"काढू नकोस. जागा सोड."

"किती सोडू?"

बुवा अंगणातल्या त्या पत्रावळीकडे पाहत होते.

"बाकीच्यांना दिलीस तेवढी."