आधी बेतलेली बंडी

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात रखमाजी नावाचा एक शिंपी राहत होता. हात असा सफाईचा, की त्याने शिवलेल्या अंगरख्याची शिवण शोधून सापडू नये. पण शिंप्याचं काम बैठं. दिवसभर मांडी घालून बसायचं. त्यात बायको धुरपा हाताची सढळ, भाकरीवर लोणी आणि लोण्यावर गूळ. व्हायचं तेच झालं. चाळिशी यायच्या आत रखमाजीचं पोट त्याच्या आधी दारातून आत शिरू लागलं.

या गावाची एक रीत होती. गावदेवीचं मूळ ठाणं सात कोसांवर, डोंगरावर. घटस्थापनेच्या दिवशी तिथून ज्योत आणायची, आणि तीही पळत. सातही कोस एकाच माणसाने पळायचे. ज्योत वाटेत थांबता कामा नये, विझता तर मुळीच कामा नये. सोबत एक तेलवाला पळे आणि ज्योतीला तेल घालत राही. जो ज्योत घेऊन वेशीतून आत येई, तो ती आधी आपल्या दारी नेई. त्याची आई ज्योतीला ओवाळी, तिच्यावर आपल्या देवघरातला दिवा लावी, आणि मगच ज्योत देवळात जाई. हा मान पाळीपाळीने घरोघर फिरे. एकदा येऊन गेला, की पुन्हा दारी यायला एक पिढी जाई.

रखमाजीच्या बापाची पाळी आली तेव्हा तो तापाने अंथरुणाला खिळलेला होता. मान शेजारच्या घरी गेला. म्हातारा मरेपर्यंत त्या एका गोष्टीवर हळहळत राहिला. मागे राहिली आई, गिरजाई. ती फार बोलायची नाही. एवढंच म्हणायची, "आपल्या दिव्याला देवीची ज्योत लागलेली एकदा बघितली, की मी सुटले."

यंदा पाळी रखमाजीच्या घरावर आली. पारावर पुजाऱ्याने त्याचं नाव घेतलं आणि लोक हसले. वाईट मनाने नाही हो, पण हसले. एक जण म्हणाला, "रखमाजी, वाटेतून तुला उचलून आणायला माणसं किती पाठवायची, ते आधीच सांगून ठेव." रखमाजीही सगळ्यांबरोबर हसला. पण ते बोलणं त्याच्या मनात रुतून बसलं. रात्री जेवताना त्याने पहिल्यांदाच आपल्या पोटाकडे नीट पाहिलं आणि त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो हैबतीबाबांकडे गेला. हैबतीबाबांनी तरुणपणी ज्योत आणली होती, आणि पुढच्या सगळ्या ज्योतवाल्यांना त्यांनीच तयार केलं होतं. माणूस तोंडाचा तिखट. त्यांनी रखमाजीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "चार महिने आहेत. पळायला मी शिकवीन. पोट जाईल तेवढं जाईल."

"बाबा, आधी पोट गेलं पाहिजे."

"का? ज्योत पोटावर ठेवून आणायची आहे का?"

मग बाबांनीच जरा नरमाईने घेतलं. "अंग थोडं हलकं झालं तर गुडघ्यांना सोपं जाईल, हे खरं. लोणी कमी कर. रात्री दिवेलागणीला जेवून घे. हळूहळू उतरेल. पण ज्या दिवशी लांब पळशील, त्या दिवशी हात आखडून जेवायचं नाही. आणि शेवटच्या पंधरवड्यात तर वजन उतरवायचं नावच काढू नकोस. तेव्हा अंगात भरशील, तेच वाटेत कामाला येईल."

तेलवाला म्हणून धुरपाचा भाऊ पिराजी उभा राहिला. तो त्याच गावात वरच्या आळीला राहायचा. अंगाने रखमाजीपेक्षा काकणभर जाडच, आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. पहिल्या दिवशी दोघं ओढ्यापर्यंत पळाले आणि धापा टाकत काठावर बसले. पिराजी म्हणाला, "दाजी, देवीलाच इकडे बोलावून घेतलं तर नाही का चालायचं?"

पण दोघं चिकाटीचे निघाले. रोज पहाटे पळायचे. ओढ्याच्या पुढे गेले, मग माळाच्या पुढे गेले. पिराजी तेलाची भरलेली बुधली काखेत मारून पळायचा. रखमाजीचं पोट उतरू लागलं, अगदी रीतीने. पिराजीचंही थोडं उतरलं. पण ते कुणी पाहिलं नाही, आणि त्याने स्वतःही पाहिलं नाही.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. बिघडलं ते कापडापाशी.

ज्योतवाल्याला त्या दिवशी नवी पांढरी बंडी लागे. आजवरच्या बंड्या रखमाजीच शिवत आला होता. आता स्वतःची शिवायची होती. गणपती बसायच्या सुमारास तो कापड घेऊन बसला. एरवी एखादं गिऱ्हाईक म्हणालं, की जरा आवळ शिव, मी बारीक होणार आहे, तर हाच रखमाजी म्हणायचा, "आधी हो, मग ये." पण माणसाने स्वतःचंच माप घ्यायचं म्हटलं, की सगळी अक्कल गहाण पडते. त्याने छातीचं माप घेतलं, पोटाचं घेतलं, आणि पोटाच्या मापातून चार बोटं सरळ वजा केली. म्हणाला, तोवर उतरेलच की. आणि कात्री चालवली.

बंडी शिवून झाली आणि दुकानात खुंटीला लागली. येणारा जाणारा विचारी, "एवढी नेटकी बंडी कुणाची?" रखमाजी सांगे, "माझी." मग विचारणारा एकदा बंडीकडे बघे आणि एकदा त्याच्या पोटाकडे. झालं. ती बंडी म्हणजे त्याने अख्ख्या गावाला दिलेला शब्द होऊन बसली.

तेव्हापासून तो ज्योतीसाठी पळेनासा झाला, बंडीसाठी पळू लागला. रोज संध्याकाळी दार लावून बंडी घालून बघायची. दोन बोटं कमी झाली. गावात तारीफ सुरू झाली. "रखमाजी, पार ओळखू येईनासा झालास की." खिंडीचा चढ आता तू न थांबता चढतोस, असं कुणी म्हणालं नाही, कारण खिंडीत बघायला कोण येणार? पोट मात्र सगळ्यांना दिसत होतं. त्या कौतुकाची रखमाजीला चटक लागली.

मग पितृपक्ष आला आणि उरलेली दोन बोटं हटून बसली. काही केल्या बंडीचे बंद जुळेनात. आणि गावात तर घरोघर पंगती. खीर, वडे, अळूची भाजी, आज या घरी तर उद्या त्या घरी. हैबतीबाबा मुद्दाम दुकानात येऊन सांगून गेले, "हाच पंधरवडा आहे. पळणं कमी कर आणि जेव पोटभर. जुन्या माणसांनी पितृपक्षाच्या पाठीवर ज्योत ठेवली, ती उगाच नाही."

रखमाजी हो म्हणाला आणि नेमकं उलटं वागला. पंगतीत बसायचा, वड्याचे तुकडे करून पानाच्या कडेला लपवायचा, खिरीला नुसतं बोट लावायचा. शेजारी पिराजी दोघांच्या वाटणीचं जेवून घ्यायचा. सकाळची भाकरीही रखमाजीने बंद केली. पळणं कमी करायचं सोडून वाढवलं. बापाच्या तिथीला गिरजाईने आपल्या हाताने त्याच्या पानात वाढलं. "नंतर खातो" म्हणून त्याने वाटी बाजूला सारली. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं आणि ती पुढच्या पानाकडे वळली.

अंगाने आपल्या परीने सांगून पाहिलं. त्याचे पाय जड पडू लागले. अंगात कणकण राहू लागली. धुरपावर तो कारण नसताना खेकसू लागला. एका गिऱ्हाइकाची बाही त्याने उलटी जोडली, जन्मात पहिल्यांदा. हैबतीबाबांच्या नजरेतून हे सुटलं नाही. त्यांनी विचारलं, "जेवतोस ना रे?"

"जेवतो की," रखमाजी म्हणाला. खोटं बोलताना त्याला वाईट वाटलं, पण बंडीचं एकच बोट राहिलं होतं.

सर्वपित्री अमावास्येला सकाळी बंडीचे बंद बसले. रखमाजीला आभाळ ठेंगणं झालं. ती बंडी घालून तो गावातून एक फेरी मारून आला. लोक वाहवा करत होते. उचलून आणायला माणसं किती पाठवायची, असं ज्याने विचारलं होतं, त्याने हात जोडले. दुपारी तो आणि पिराजी बैलगाडीने डोंगरावर गेले.

दुसऱ्या दिवशी फटफटलं तशी पुजाऱ्याने ज्योत पेटवून रखमाजीच्या हातात दिली. पळणाऱ्यांना त्या दिवशी उपवास नसे, म्हणून धुरपाने दशम्या आणि गूळ बांधून दिला होता. पिराजीने आपला वाटा खाल्ला. रखमाजीने दोन घोट पाणी घेतलं. "आता खाल्लं तर बंद ताणतील," तो म्हणाला. पिराजीने उरलेलं फडक्यात बांधून कमरेला खोचलं आणि दोघं निघाले.

पहिला कोस रखमाजी वाऱ्यासारखा गेला. हलकं हलकं वाटत होतं. वाटेवरच्या वाडीतल्या बायका म्हणाल्या, यंदाचा ज्योतवाला काय शोभतोय बघा. तिसऱ्या कोसाला पिराजीने पळता पळता गुळाचा खडा पुढे केला. रखमाजीने मान हलवली. चौथ्या कोसाला त्याने बोलणं बंद केलं. पाचव्या कोसाला खिंडीचा चढ लागला, आणि तिथे त्याला थंड घाम फुटला. एका ज्योतीच्या दोन दिसू लागल्या. तरी तो ओढत राहिला, कारण दारात ताट घेऊन उभी असलेली आई त्याला दिसत होती. खिंडीच्या माथ्यावर त्याचे गुडघे टेकले. हात मात्र त्याने वर धरून ठेवला होता.

"दाजी, ज्योत द्या," पिराजी म्हणाला.

"थांब जरा. उठतो मी."

"उठवत नाहीये तुम्हाला. ही विझली तर कुणाच्याच दारी जायची नाही."

रखमाजीने ज्योत दिली आणि तो ढसाढसा रडला. बापाला एका तापाने अडवलं होतं. याला कुणीही अडवलं नव्हतं. पिराजीने दशम्यांचं फडकं त्याच्या मांडीवर टाकलं, एका हातात ज्योत आणि काखेत बुधली घेऊन तो उतारावरून चालू लागला. रखमाजीने गुळाचा खडा तोंडात टाकला, वर पाणी घेतलं, दशमी खाल्ली. थोड्या वेळाने डोळ्यांपुढचा अंधार सरला. तो उठला, अडखळत धावत जाऊन त्याने पिराजीला गाठलं आणि त्याच्याकडची बुधली घेतली. आता पिराजी पळू लागला. त्याचं पोट हलत होतं आणि पाय बिनतक्रार पडत होते. रखमाजी मागून तेल घालत होता.

वेशीच्या अलीकडे चिंचेची दाट राई होती. तिथून गाव दिसत नव्हतं आणि गावालाही हे दोघं दिसत नव्हते. पिराजीने पाय मंद केले आणि ज्योत पुढे धरली. "दाजी, घ्या. तुमच्या आई दारात उभ्या असतील. कुणाला कळायचं नाही. मी जन्मात बोलणार नाही."

रखमाजीचा हात पुढे गेला. अगदी ज्योतीच्या दांड्यापर्यंत गेला. मग त्याने तो मागे घेतला.

"लोकांना दिसावं म्हणूनच सगळा घोळ केला मी," तो म्हणाला. "आता आणखी एकदा नुसतं दिसायला नको. तू हो पुढे."

वेशीत ढोल वाजत होते. पिराजी ज्योत घेऊन आत आला तसे ते क्षणभर थांबले. मागून रखमाजी आला, त्या नेटक्या पांढऱ्या बंडीत, हातात बुधली. हैबतीबाबांनी काय ते ओळखलं. त्यांनी ढोलवाल्याला खूण केली आणि ढोल पुन्हा सुरू झाले. ज्योत वरच्या आळीला पिराजीच्या दारी गेली. त्याच्या आईने तिला ओवाळलं आणि आपल्या देवघरातला दिवा लावला.

रखमाजी घरी आला. गिरजाई ताट घेऊन दारात उभीच होती. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं.

"आई, मी वाटेत बसलो," तो म्हणाला. "ज्योत पिराजीने आणली. त्याने वेशीजवळ परत देऊ केली होती, मी घेतली नाही. चूक माझी आहे."

म्हातारीचे डोळे भरून आले. तिने ताट उंबऱ्यावर ठेवलं. मग तिने विचारलं, "निघताना काय खाल्लं होतंस?"

"दोन घोट पाणी," रखमाजी म्हणाला.

"तुझ्या बापाचा इलाज नव्हता रे," गिरजाई म्हणाली. "तुला तर मी वाढलं होतं."

घट बसायचा दिवस. घरात बाकी सगळ्यांचा उपवास होता. तरी ती आत गेली, तिने चूल पेटवली आणि भाकरी थापायला घेतली.

तात्पर्य: अंग हलकं करावं ते कामासाठी, लोकांच्या डोळ्यांसाठी नव्हे, आणि ज्या पायांनी लांबचा पल्ला गाठायचा, त्यांच्या तोंडचा घास काढून तो पल्ला गाठता येत नाही.