तांब्याची धार

पुष्कळ जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगायलाही आता कुणी उरलेलं नाही. गाव डोंगराच्या कुशीत होतं आणि वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठी, सातविणीचं एक मोठं झाड होतं. सबंध खोऱ्यात तेवढं एकच. त्यात देवीचा वास आहे, असं गाव मानायचं. पावसाळा सरता सरता गावात हिवताप शिरायचा. माणसं गोधडीखाली कुडकुडायची. मग सातविणीच्या सालीचा काढा प्यायचा आणि उठून कामाला लागायचं, अशी तिथली रीत.

साल काढायचा मान वैदिणीचा. तिचं नाव धुरपा. झाडाला लोखंड लावायचं नाही, गोट्याने ठेचून साल हाताने सोलायची, हे तिला सासूने शिकवलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. का, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. मोठ्यांना असले प्रश्न विचारायचे नसतात, असं आपण मानतो ना, तसंच ती माणसंही मानत.

सकाळभर ठेचलं तर ओंजळभर साल निघे. हात भरून येत. धुरपा कुरकुरे, पण रीत मोडत नसे.

एका वर्षी ताप असा आला की एकही घर सुटलं नाही. धुरपाच्या दारात माणसांची रीघ लागली. त्यातच तिची लेक सगुणा अंथरुणाला खिळली. नवरा गेल्यापासून धुरपाला जगात तेवढंच माणूस. ओंजळभर सालीचा काढा लेकीला पाजावा की दारातल्या माणसांना द्यावा? तिच्या तोंडचं पाणी पळालं.

गावचा तांबट अंगणात येऊन उभा राहिला. त्याच्याही घरी सगळे तापाने फणफणले होते. त्याने कमरेचा लखलखीत कोयता काढून पुढे धरला.

“धुरपाकाकू, हा निव्वळ तांब्याचा आहे बघा. लोखंडाचा कण नाही यात. देवीला लोखंड चालत नसेल, पण तांबं का चालू नये? तांब्याच्या कलशाशिवाय पूजा होते का आपली?”

धुरपाने सासूचा शब्दन् शब्द आठवून पाहिला. लोखंड लावू नकोस, एवढंच ती म्हणाली होती. तांब्याचं नाव तिने कधी काढलं नव्हतं.

“चालेल,” धुरपा म्हणाली. “तांब्याला मनाई नाही.”

मग काय विचारता! साल सपासप निघाली. बुंध्यातून पांढरा चीक ओघळत होता, तो कुणी पाहिला नाही. पाट्याच्या पाट्या भरून खाली आल्या. सगुणा उठून बसली. गाव उठलं. शेजारच्या गावांची माणसं आली, त्यांनीही ओंजळी भरभरून नेली. तांबट नवे कोयते घडवत राहिला आणि जो तो धुरपाला दुवा देत राहिला. खरं सांगायचं तर तिलाही ते गोड वाटलं.

सातवीण बारा महिने हिरवी असते. त्या उन्हाळ्यात मात्र तिची पानं पिवळी पडली आणि गळून गेली.

धुरपा धावत वर गेली. तिने बुंध्यावरून हात फिरवला. गोट्याच्या जुन्या जखमा भरून आल्या होत्या. तांब्याची धार लागली तिथे मात्र खालपासून वरपर्यंत आणि सभोवार कोरडं, उघडं लाकूड होतं. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. देवीला लोखंडाचं काहीच वावडं नव्हतं. गोटा वरवरची साल घेतो आणि आतली ओली साल झाडाला ठेवतो. शिवाय गोट्याने ठेचताना झाडाच्या आधी माणूस थकतो. एवढ्यासाठीच होता तो सगळा नियम.

“आत्याबाई, एवढं सांगून का नाही गेलात?” सासूला आठवून ती झाडाला मिठी मारून रडली. पण आत्याबाईंना तरी कुठे ठाऊक होतं?

पाऊस झाला आणि तापही आला. तांबटाच्या घरची चूल आधी विझली. मग सगुणा पडली. धुरपाने वाळल्या लाकडाच्या ढलप्या आणल्या आणि दिवसभर उकळल्या. सातविणीचा काढा एरवी इतका कडू, की मोठी माणसंही नाक दाबून पितात.

सगुणाने वाटी संपवली आणि ओठ पुसले. “आई, आज मुळीच कडू नाही गं लागला,” ती हसून म्हणाली.

धुरपाने तिचं डोकं मांडीवर घेतलं. दोन दिवसांनी सगुणा गेली. जी माणसं वाचली, ती चंबूगबाळं आवरून खोऱ्याबाहेर निघून गेली. धुरपा गेली नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं मनात धरा: ज्या नियमाचं कारण आपल्याला ठाऊक नाही, त्यातून पळवाट काढू नये, आधी कारण शोधावं.