चिंचेखालची वेबसाइट

माणसांच्या हिशेबाने परवाची, पण मुंग्यांच्या हिशेबाने सात पिढ्यांपूर्वीची ही गोष्ट. चिंचेखालच्या मुंग्यांनी वेबसाइट काढायचं ठरवलं. वारुळात पाणी शिरलं की अंडी कुठे हलवायची, ते तिच्यावर कळणार होतं. दर्शनी पानं फुलपाखराने रंगवून दिली. पडद्यामागचं काम संगणकाच्या कोणत्या भाषेत लिहायचं, इथे मात्र घोडं अडलं.

चिमी म्हणाली, “रस्ट घ्या. वाऱ्यासारखी पळते.”

ठकू म्हणाली, “पायथन बरी. सोपी आहे.”

तीन दिवस दोघी एकमेकींशी बोलेनात. शेवटी राणीआईने विचारलं, “चिमे, तू साखर आणायला लांब गेलीस आणि इकडे वेबसाइट बंद पडली, तर दुरुस्त कोण करील?”

रस्ट चिमीला एकटीलाच येत होती. पायथन अकरा जणींना.

पायथन ठरली. चिमी रुसून कोपऱ्यात जाऊन बसली.

पुढे एका दुपारी पाणी चढलं आणि नेमकी वेबसाइट बंद पडली. अकराही जणींच्या तोंडात अंडी होती. चिमीने पुढे होऊन वेबसाइट दुरुस्त केली.

“पायथन कधी शिकलीस गं?” अंडी पोचवून आल्यावर ठकूने विचारलं.

“रुसले होते तेव्हा,” चिमी म्हणाली.